फोटोच्या पाठीवरची नावे

आपल्यापैकी कुणाच्याही घरी जा, भिंत एकच गोष्ट सांगते. मधोमध भगवान बुद्ध, शेजारी बाबासाहेब, बऱ्याच घरांत माता रमाई, एखाद्या घरी ज्योतिबा आणि सावित्रीबाई. हे फोटो लहान पोरालाही ओळखता येतात. पण त्याच घरात पत्र्याच्या पेटीत, गादीखाली, रेशनकार्डाच्या पिशवीत आणखी काही फोटो असतात. कडा पिवळ्या पडलेल्या, कोपरे दुमडलेले. कुणी तरी कोट घालून खुर्चीत बसलेले आहे, मागे पडद्यावर राजवाडा रंगवलेला आहे. कुणी तरी बाई डोक्यावरचा पदर सावरून कॅमेऱ्याकडे रोखून बघते आहे. "हे कोण?" असे विचारले की घरातली तरुण मंडळी म्हणतात, "असतील कुणी तरी आजोबांच्या बाजूचे. आजीला ठाऊक होतं."

आजीला ठाऊक होतं, आणि आजी गेली. म्हणजे फोटो राहिला आणि माणूस दुसऱ्यांदा गेला. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत मला एवढ्याच विषयावर लिहायचे आहे. आपल्या समाजाचा इतिहास मोठ्या ग्रंथांत आहेच, पण त्याचा फार मोठा भाग अजून आपल्या पेट्यांमध्ये पडून आहे. त्याच्या पाठीवर नाव लिहिले नाही, तर तो आपल्या हातात असूनही आपला राहणार नाही.

चेहरा होता, नाव नव्हते

फोटो काढण्याची कला आपल्या देशात फार लवकर आली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्थाही निघाली होती. पण तो कॅमेरा कुणाच्या हातात होता आणि कुणाकडे वळवला जात होता, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड छापले. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे शेकडो फोटो त्यात आहेत. पण त्यातल्या बहुतेक फोटोंखाली माणसाचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाला आई होती, बाप होता, आईने ठेवलेले नाव होते. छापणाऱ्याला त्याची गरज वाटली नाही. त्याला 'नमुना' हवा होता.

आपल्या भागाकडे या. राजूरवरून पुढे भंडारदऱ्याला जाणारा रस्ता आपण सगळ्यांनी तुडवलेला आहे. त्या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला दिले, जलाशयालाही आर्थर हिल या साहेबाचे नाव मिळाले. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत सोळा वर्षे माणसांच्या हातांनी उभी राहत होती. आज पर्यटक तिथे फोटो काढतात, ते भिंतीचे आणि पाण्याचे. दगड फोडणाऱ्या, चुना वाहणाऱ्या हातांची नावे धरणाच्या पाटीवर नाहीत. साहेबाचे नाव दगडात कोरले गेले, मजुराचे नाव हजेरीच्या कागदावर राहिले आणि कागदाबरोबर गेले.

त्याच्याही आधीची गोष्ट घ्या. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे आद्यक्रांतिकारक राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांचे जे चित्र आज मिरवणुकीत आणि फलकांवर दिसते, ते चित्रकाराने मनाने काढलेले आहे. पण राघोजींचे नाव डोंगरातल्या माणसांनी तोंडातोंडी जिवंत ठेवले. म्हणून चेहरा नसतानाही राघोजी राहिले. आपल्या पेट्यांतली गत उलटी आहे. चेहरा आहे, पण नाव जायला लागले आहे.

आणि आपल्या पूर्वजांची तर आणखीनच विचित्र कथा. गावकामगार महार हा गावाच्या शिवेचा जाणकार. कुणाचा बांध कुठे, कुठला दगड कुणाच्या हद्दीचा, यावर तंटा झाला की त्याची साक्ष घ्यायची. त्याच्या शब्दावर दुसऱ्याच्या जमिनीचे कागद व्हायचे. पण त्याला मात्र वेठ, रात्री-अपरात्री सरकारी टपाल पोचवणे आणि उंबऱ्याबाहेरची भाकर. ही वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडले. आपल्याच जिल्ह्यात हरेगाव येथे १६ डिसेंबर १९३९ रोजी महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. पुढे १९५८ साली कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा झाला. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या हद्दी लक्षात ठेवल्या, त्यांची स्वतःची आठवण ठेवायची वेळ आता आपली आहे.

एका फोटोत किती गोष्टी मावतात

आता अशा काही फोटोंकडे पाहू, जे आपण पुन्हा पुन्हा पाहिलेले आहेत.

पहिला फोटो राजगृहातला, फेब्रुवारी १९३४ चा. दादरच्या हिंदू कॉलनीतले हे घर बाबासाहेबांनी मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी बांधले. या फोटोत बाबासाहेब आहेत, रमाई आहेत, मुलगा यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद आहेत. आणि हो, टॉबी नावाचा कुत्राही आहे. वरवर पाहिले तर हा एक साधा घरगुती फोटो, कुणाच्याही घरी असावा तसा. पण नावे आणि साल माहीत असल्यामुळे तो बोलू लागतो. रमाईंना पाच मुले झाली आणि त्यातली चार लहानपणीच गेली. फोटोत फक्त यशवंत आहे. जी चार लेकरे फोटोत नाहीत, त्यांची रिकामी जागा नाव जाणणाऱ्यालाच दिसते. आणखी एक. या फोटोनंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. म्हणजे कष्टाच्या चाळीतून हक्काच्या घरात आलेल्या त्या माउलीला घराचे सुख किती दिवस मिळाले, हे या फोटोवरची तारीख सांगते. त्या घरच्या कुत्र्याचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण कुणी तरी ते लिहून ठेवले. आपल्या पणजीचे नाव आपल्याला ठाऊक नसेल, तर ते कुणी लिहिले नाही म्हणून.

दुसरा फोटो नागपूरचा, १९४२ सालचा. मध्ये बाबासाहेब आणि भोवती परिषदेला आलेल्या महिला प्रतिनिधी. हा फोटो पुस्तकांत, कॅलेंडरवर, आता मोबाईलवर सगळीकडे फिरतो. त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी ८ जुलै १९४२ अशी तारीख छापलेली आढळते. पण नागपूरची ती परिषद १८ आणि १९ जुलैला भरली आणि महिलांची परिषद २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली झाली. हजारो स्त्रिया तिथे जमल्या होत्या. एकदा चुकीची तारीख छापली गेली की ती पुढचा प्रत्येक जण उतरवून घेतो. हे झाले तारखेचे. नावांचे काय? मधल्या एका माणसाला सगळा देश ओळखतो. भोवतीच्या बायांपैकी किती जणींची नावे त्या फोटोखाली छापतात? घरदार, लेकरे, मजुरी सोडून, गाठीला भाकरी बांधून त्या नागपूरला गेल्या. सासरच्यांनी काय म्हटले असेल, कुणाचे दागिने गहाण पडले असतील, कुणाच्या कडेवर तान्हे मूल असेल. हे सगळे त्यांच्या घरच्यांना ठाऊक होते. त्यांच्या नातीने कदाचित तो फोटो पाहिलाही असेल आणि आपली आजी त्यात आहे हे तिला कळलेही नसेल.

ही उणीव जाणूनच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरोघरी जाऊन त्यांच्या आठवणी टिपल्या. १९८९ साली त्यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक निघाले. म्हाताऱ्या बाया बोलत्या झाल्या म्हणून ते पुस्तक झाले. आणखी दहा-पंधरा वर्षे उशीर झाला असता, तर त्यातल्या किती जणी बोलायला उरल्या असत्या?

तिसरी गोष्ट एका फोटोची नाही, चालत्या चित्राची आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले, राजगृहात ठेवले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाला. एवढा जनसागर लोटला होता, पण तो कायमचा टिपून ठेवावा म्हणून धडपडला तो एक साहित्यिक आणि चित्रपटक्षेत्रात वावरलेला माणूस, नामदेव व्हटकर. पदरमोड करून, कर्जात जाऊन त्यांनी कॅमेरा मिळवला आणि त्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण केले. आज आपण त्या दिवसाची जी हलती दृश्ये पाहतो, ती पाहताना डोळे बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर आणि गर्दीवर खिळतात. कॅमेऱ्याच्या मागे कुणाचा जीव कासावीस होत होता, हे आपल्या मनात येत नाही. त्या वेळी सगळ्यांबरोबर रडायला तेही मोकळे होते. त्यांनी रडत रडत काम केले, म्हणून त्या दिवसानंतर जन्मलेल्या आपल्या पिढ्यांना तो दिवस दिसतो.

चौथे उदाहरण संग्रहाचे. कल्याणचे विजय सुरवाडे यांनी वर्षानुवर्षे खपून बाबासाहेबांचे दुर्मीळ फोटो, पत्रे, कागदपत्रे गोळा केली. ज्यांच्याकडे फोटो होते त्यांच्या दारात जायचे, विश्वास मिळवायचा, प्रत करून घ्यायची, फोटोतला माणूस न् माणूस ओळखून घ्यायचा. हे काम कुठल्या विद्यापीठाने नेमून दिले म्हणून झाले नाही. आज आपण पुस्तकांत जे फोटो सहज पाहतो, त्यातल्या कित्येकांच्या मागे अशी पायपीट आहे.

या चारही गोष्टींत एक धागा आहे. फोटो आपणहून इतिहास होत नाही. कुणी तरी तो जपावा लागतो, कुणी तरी त्यातल्या माणसांची नावे सांगावी लागतात आणि कुणी तरी ती लिहावी लागतात.

आपल्या घरच्या पेटीत काय आहे

कुणी म्हणेल, "ते मोठ्या माणसांचं झालं. आमच्या घरच्या फोटोत काय इतिहास असणार?" असे म्हणणाऱ्याने एकदा पेटी उघडून बसावे.

आपल्याकडे फोटो काढणे ही पूर्वी रोजची गोष्ट नव्हती. फोटो काढला की आयुष्य कमी होते असे मानणारी माणसे होती. पैशाचा प्रश्न तर होताच. आयुष्यात एक किंवा दोन फोटो निघत. म्हणून आधी विचारायचे ते हे, की हा एकच फोटो का काढला? लग्न होते का? मुंबईला गिरणीत कामाला लागल्यावर पहिल्या पगारातून काढला का? फौजेत जाताना आईसाठी काढून ठेवला का? फोटोचे कारण सापडले की घराची अर्धी गोष्ट सापडते.

स्टुडिओतल्या फोटोत अंगावरचा कोट, टेबलावरचे घड्याळ, हातातले पुस्तक हे पुष्कळदा स्टुडिओचेच असे. म्हणून आजोबा श्रीमंत होते असा अर्थ काढू नये. पण म्हणून तो फोटो खोटाही नाही. ज्या माणसाला गावात नवे धोतर नेसायची चोरी होती, पायातली वहाण हातात घेऊन काही वाटा चालाव्या लागत होत्या, तो माणूस शहरात येऊन कोट घालतो, ताठ बसतो आणि नजर खाली न घालता समोर पाहतो. आपल्याला जगाने कसे पाहावे हे तो त्या एका फोटोत स्वतः ठरवतो. हा त्याच्या मनातल्या बदलाचा पुरावा आहे. असा पुरावा कुठल्या सरकारी दप्तरात मिळायचा नाही.

फौजेतल्या माणसाचा फोटो असेल तर टोपीवरचा बिल्ला नीट पाहावा. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे उभी राहिली. तिच्या पूर्वीच्या बिल्ल्यावर भीमा-कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्या जागी खंजीर आला. तेव्हा बिल्ला कोणता यावरून फोटोचा काळ ताडता येतो.

मागे फलक किंवा झेंडा दिसत असेल तर तोही वाचावा. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा फलक असेल तर फोटो १९४२ च्या आधीचा असू शकत नाही. भारतीय बौद्ध महासभेची स्थापना ४ मे १९५५ ची. रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ ची. आणि घरातल्या भिंतीवर बुद्धाचा फोटो, लग्नात भटजी नाही, वधूवर पांढऱ्या वस्त्रांत उभे, असे दिसले तर तो बहुधा १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरचा. एकाच घरात आजोबांच्या लग्नाचा मुंडावळ्या बांधलेला फोटो आणि वडिलांच्या लग्नाचा बुद्धवंदनेचा फोटो शेजारी ठेवून पाहा. धर्मांतर म्हणजे काय झाले, हे पुस्तकापेक्षा त्या दोन फोटोंत लवकर समजते.

खुद्द कागदही काळ सांगतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली स्टुडिओचा ठसा असलेला फोटो बहुधा जुना. पांढरी किनार आणि करवतीसारख्या कातरलेल्या कडा असलेले छोटे फोटो साधारण १९४० ते १९६० च्या काळात पुष्कळ निघत. आपल्यासारख्यांच्या घरांत रंगीत फोटो दिसू लागले ते बहुतेक १९८० च्या आसपास. पुढे कोपऱ्यात केशरी आकड्यांनी तारीख छापणारे कॅमेरे आले. पण त्या तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, कारण कॅमेऱ्यातली तारीख कुणी लावलेलीच नसे.

शिवाय घरोघरी विचारण्यासारखे काही प्रश्न आहेत. हरेगावच्या परिषदेला आपल्या घरातून कुणी गेले होते का? नाशिक आपल्याला जवळ, तिथे २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात कुणी होते का? १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांची घोषणा ऐकायला कोण गेले? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यात तुरुंगात कोण गेले आणि ते आत असताना घर कुणी चालवले? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण होते? आपल्याच अकोले तालुक्यातून पुढे आलेले माजी मंत्री दादासाहेब रूपवते यांच्या सभांना कोण जात असे? गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तेव्हा मुंबईहून गावाकडे कोण परतले? यातल्या एखाद्या प्रश्नावर घरातली म्हातारी माणसं एकदम सावरून बसतात आणि म्हणतात, "थांब, त्याचा एक फोटो होता."

बायांची नावे

एक गोष्ट मुद्दाम वेगळी सांगतो. फोटोत बाई असेल तर नाव विचारल्यावर उत्तर काय येते? "ही अमक्याची बायको," "ही तमक्याची आई," "ही मामी." नाते सांगितले जाते, नाव सांगितले जात नाही. इंग्रजांच्या पुस्तकात माणसाच्या जागी जात छापली, तर आपल्याला राग येतो. मग बाईच्या जागी आपण नुसते नाते लिहिले, तर ते तरी काय वेगळे? म्हणून तिचे स्वतःचे नाव, माहेरचे गाव, माहेरचे आडनाव आणि ती काय काम करत होती, एवढे लिहाच. शेतमजुरी, गवताचे भारे, बाजारात विक्री, शाळेतली नोकरी, महिला मंडळ, जे असेल ते. विहाराच्या कामात स्वयंपाकापासून वर्गणीपर्यंत बायाच पुढे असतात आणि समारंभाच्या फोटोत त्या मागच्या रांगेत अर्ध्या कापल्या जातात. पुढे कुणी ही स्मरणिका चाळील, तेव्हा त्या अर्ध्या चेहऱ्यांनाही पूर्ण नाव असले पाहिजे.

फोटो कसा जपावा, कसा वाटून घ्यावा

आता थोडे कामाचे. आपल्याकडचा पाऊस आपल्याला माहीत आहे. घाटघर, रतनवाडीकडून ढग आले की चार महिने घरातले अंथरूणसुद्धा दमट असते. ही ओल फोटोची पहिली वैरी. दुसरी कसर, तिसरा चुलीचा आणि उदबत्तीचा धूर.

फोटो भिंतीला टेकवून ओल्या जागी टांगू नये. चौकटीत बसवताना फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची किनार ठेवावी, नाही तर ओलीने फोटो काचेला चिकटतो. चिकटलाच तर ओढून काढू नये, काचेतूनच जरा तिरपा मोबाईल धरून त्याची प्रत घ्यावी. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नये, काही वर्षांत तिचा पिवळा डाग कायमचा बसतो. लॅमिनेशन तर करूच नये, ते पुन्हा निघत नाही. भिजलेला फोटो उन्हात टाकू नये, सावलीत वाऱ्याला ठेवावा. पेटीत ठेवताना प्रत्येक फोटो कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालावा आणि पावसाळा संपल्यावर एकदा पेटी उघडून पाहावी.

पाठीवर लिहायचे ते मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा उठाव पुढच्या चेहऱ्यावर येतो. नव्या गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही, तिथे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती पाकिटात ठेवावी. काय लिहायचे? डावीकडून उजवीकडे कोण कोण, ठिकाण, साल, प्रसंग आणि हे कुणी सांगितले त्याचे नाव. साल नक्की नसेल तर "अंदाजे" हा शब्द घालावा. अंदाजाला अंदाज म्हणून लिहिण्यात कमीपणा नाही. नागपूरच्या फोटोची तारीख कशी फिरली, ते वर पाहिलेच आहे.

फोटो मागताना मूळ फोटो घेऊन जाऊ नये. ज्याच्या घरचा त्याच्याच घरी, त्याच्यासमोर प्रत काढावी. पूर्वी "छापायला नेतो" म्हणून नेलेले कितीतरी फोटो परत आले नाहीत, म्हणून म्हातारी माणसं देताना बिचकतात, आणि त्यांचे बरोबर आहे. फोटो छापायचा किंवा सगळ्यांना दाखवायचा तर घरच्यांची संमती घ्यावी. एखाद्या फोटोमागे दुःख असते, मोडलेला संसार असतो, न सांगण्यासारखे काही असते. तिथे हट्ट धरू नये.

आणि मोबाईलबद्दल एक शब्द. मोबाईलमुळे प्रत काढणे सोपे झाले, हे खरे. पण ग्रुपवर टाकलेला फोटो दहा हातांतून फिरला की पुसट होतो आणि त्याच्याबरोबरचे नाव गळून पडते. आता तर संगणक जुन्या फोटोला रंग देतो, नसलेला चेहराही बनवतो. उद्या खरा फोटो कोणता आणि बनवलेला कोणता हे ओळखायचे कशावरून? मूळ कागदाचा फोटो, त्याच्या पाठीवरचे अक्षर आणि सांगणाऱ्याचे नाव यावरून. म्हणून प्रत निघाली तरी मूळ फोटो टाकून देऊ नका.

विहाराच्या भिंतीजवळ

विहार ही वंदनेची जागा आहे, तशी ती एकत्र बसायचीही जागा आहे. माझी सूचना साधी आहे. पौर्णिमेला वंदना झाल्यावर प्रत्येक कुटुंबाने घरातला एक जुना फोटो आणावा. पोरांनी वह्या घ्याव्यात, जाणत्यांनी सांगावे. एका घरच्या फोटोतला अनोळखी माणूस दुसऱ्या घरच्या आजीला ओळखू येतो. "अरे, हा तर आमचा चुलता, मुंबईहून आला होता तेव्हाचा!" असे निघते. एका घराला जे सुटत नाही, ते चार घरे एकत्र बसली की सुटते. यात पैसा लागत नाही, मोठा विद्वानही लागत नाही. लागतो तो वेळ. सत्तरी-ऐंशीच्या पुढची जी माणसे आज आपल्यात आहेत, त्यांच्या हाताशी तो वेळ थोडा आहे.

आपल्या शेजारच्या आदिवासी बांधवांच्या, इतर समाजांच्या घरीही असेच फोटो आहेत. बाजार, शाळा, दुष्काळी काम, धरणाचे काम यात सगळे एकत्र होते. त्यांनाही बोलवावे. गावाचा फोटो पूर्ण व्हायचा तर सगळ्यांची माणसे त्यात ओळखता आली पाहिजेत.

जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते, ते आता अहिल्यानगर झाले. जुन्या फोटोच्या पाठीवर "राजूर, ता. अकोले, जि. अहमदनगर" असे लिहिलेले सापडले, तर ते खोडू नका. ते त्या काळाचे अक्षर आहे. त्याच्या खाली आपण आपल्या काळाचे अक्षर घालावे, तारखेसह. पुढच्या पिढीला दोन्ही वाचता येतील.

या वर्धापनदिनीही फोटो निघतील. पंचशील ध्वजाखाली सगळे उभे राहतील, पुढे लेकरे बसतील. तो फोटो छापून आला की त्याच दिवशी त्याच्या पाठीवर सगळ्यांची नावे लिहून घ्या. मागच्या रांगेतल्यांची आधी.

जय भीम! नमो बुद्धाय!